हरिहरपाशी गाणं नाही

बेंगळुरूत, गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत मोहनकुमारांचं दुकान आहे. रेडिओ, मिक्सर, इस्त्री, टेपरेकॉर्डर… जे बंद पडेल ते तिथं जातं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मी माझा हेडफोन घेऊन तिथं गेले. त्याची डावी बाजू मुकी झाली होती, आणि हेडफोनशिवाय माझं पोट भरत नाही. मालिकांचे संवाद ऐकून मी पडद्याखालच्या ओळी लिहिते, कन्नडच्या मराठीत आणि मराठीच्या कन्नडमध्ये. मूळची निपाणीची असल्यामुळं दोन्ही भाषा मला सारख्याच येतात, आणि दोन्हीकडचे लोक मला सारखेच हसतात.

माझ्याआधी काउंटरपाशी एक उंचसा माणूस उभा होता. हातात जुनी कॅसेट, डाव्या कानामागं बारकं मशीन. बाहेर पाऊस कोसळत होता. मोहनकुमार त्याला कॅसेटबद्दल काही सांगत होते आणि तेवढ्यात वीज गेली. दुकानाला खिडकी नव्हती. मोहनकुमार अंधारातही बोलतच राहिले, की टेपला बुरशी लागलीय, पट्टी पट्टीला चिकटलीय. पण तो माणूस एकदम गप्प झाला. रस्ता ओलांडताना मध्येच अडकावं तसा उभा राहिला. मग हळूच कन्नडमध्ये म्हणाला, ओठ दिसल्याशिवाय मला कळत नाही.

मी फोनचा दिवा लावून मोहनकुमारांच्या तोंडावर धरला. बिचाऱ्यांनी डोळे मिचकावत सगळं पहिल्यापासून सांगितलं. आता कॅसेट वाचायची नाही, फार तर एखादा तुकडा. तो माणूस ऐकत होता… म्हणजे बघत होता. हात अवघडल्यावर मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मराठीत. तो वळला.

“आता तो दिवा जरा स्वतःच्या तोंडावर धरा,” तो मराठीत म्हणाला. “तुम्ही काहीतरी बोललात. माझ्याबद्दल असेल तर मला बघायचंय.”

मी दिवा धरला. हात दुखतोय एवढंच म्हणाले होते, तेच पुन्हा म्हटलं. तो जरासा हसला. “निपाणी की संकेश्वर?” त्यानं विचारलं. वाक्य संपताना तुमच्याकडची माणसं वर चढतात, ते मशीनमधूनही कळतं, म्हणाला.

त्याचं नाव हयवदन मुतालिक. बसवनगुडीत त्यांची तिसरी पिढी. आजोबांनी काढलेलं लग्नपत्रिकांचं दुकान खाली, घर वर. त्याची मराठी मला आधी गमतीची वाटली. ‘बरं’च्या जागी तो ‘सरी’ म्हणायचा, ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’, आणि मधूनच एखादा असा जुना शब्द काढायचा की जो आमच्या पणजीनंही सोडून दिला असेल.

ती कॅसेट त्याच्या वडिलांची होती. कृष्णाजी अण्णा. वर्षापूर्वी ते गेले, आणि कपाट आवरताना ती सापडली. हयवदन सहा वर्षांचा असताना अण्णांनी घरच्या ओम्नी गाडीतल्या एका प्रवासासाठी ती मुद्दाम भरली होती. आई, अण्णा आणि तो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस, असं तो म्हणाला. कॅसेटच्या कव्हरवर गाण्यांची नावं नव्हतीच. अण्णांच्या अक्षरात गावांची नावं होती. धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर, हरिहर, दावणगेरे, दुर्ग, हिरियूर, शिरा, तुमकूर. गाव जवळ आलं की त्या गावाचं गाणं लावायचं आणि संपलं की टेप बंद करायचा. प्रत्येक गावापुढं एकदोन शब्दांची खूण होती. फक्त हरिहरपुढं नुसती रेघ.

“ही नऊ गाणी मला शोधून परत जुळवायचीत,” तो म्हणाला. “हरिहर धरून दहा. पण मला सूर नीट ओळखता येत नाहीत आता. कुणाचा तरी कान पाहिजे.”

घाई कसली, असं मी विचारलं. त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं. उजवा कान पंचविसाव्या वर्षीच गेला होता. डावा दर सहा महिन्यांनी थोडा थोडा जात होता. जानेवारीत ऑपरेशन ठरलं होतं, कानाच्या आत यंत्र बसवायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सवय झाली की बोलणं कळेल. पण गाण्याची आशा धरू नका, आणि त्या कानात आज जे काही उरलंय तेही बहुतेक जाईल. त्याआधी एकदा, त्याच रस्त्यानं, तीच गाणी त्याच क्रमानं त्याला ऐकायची होती.

वीज आली. माझा हेडफोन दुरुस्त झाला. आणि पुढच्या शनिवारी मी लग्नपत्रिकांच्या दुकानामागच्या खोलीत जाऊन बसले.

तिथून आमचे शनिवार सुरू झाले. खोलीत चहूकडं नमुन्याच्या पत्रिका, हळद लागलेले कोपरे, सोनेरी गणपती. मी हेडफोन लावून बसायची. तो समोर बसून आठवेल ते गुणगुणायचा. स्वतःचा आवाज त्याला धड ऐकू यायचा नाही, त्यामुळं सूर कुठल्या कुठं जायचा. पण ताल मात्र पक्का होता, टेबलावर बोटांनी धरलेला. त्या तालावरून आणि अण्णांच्या खुणांवरून मी शोधायची. एकेका गाण्याच्या चारचार आवृत्त्या ऐकायची, आणि त्यातली आपली कुठली ते त्याला सांगायची. मग स्पीकरवर तळहात ठेवून, मशीन लावलेला कान जवळ नेऊन तो ऐकायचा, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहायची. गाणं तेच असलं की त्याच्या खांद्यांवरून कळायचं. ते खाली यायचे.

गाण्याबरोबर आठवण यायची. हावेरीपुढं ‘दोघींचं’ असं लिहिलं होतं. ते निघालं दोन बायकांनी मिळून गायलेलं जुनं कन्नड गाणं. हावेरीपाशी त्याला गाडी लागली होती आणि त्यानं सीटवर सगळं उलटून टाकलं होतं. अण्णांनी गाडी कडेला घेऊन सीट धुतली आणि तेच गाणं तीनदा लावलं, का, तर मुलाला बरं वाटेपर्यंत गाव संपायला नको. दावणगेऱ्याच्या गाण्याला तिथल्या बेण्णे डोशाचा, लोण्यातल्या डोशाचा, वास होता. शिऱ्याचं मराठी भावगीत अण्णा मोठ्यानं म्हणत होते, आणि शब्द न आल्यामुळं मध्ये मध्ये दुकानांच्या पाट्या घालत होते. मोहनकुमारांनी मूळ कॅसेटमधून कसाबसा एकच तुकडा वाचवला, हिरियूरचा. त्यात गाण्याच्या मध्येच कुकरची शिट्टी होती. ती काढू का, असं त्यांनी विचारलं तर हयवदननं साफ नाही म्हटलं.

तो माझ्या ओठांकडं बघायचा. पहिल्या दोन शनिवारी मी फार अवघडले.

“असं टक लावून बघायचं असतं होय?” मी एकदा म्हटलं.

“मी वाचतोय,” तो म्हणाला. “इतरांचं वाचून झालं की मी नजर हटवतो.”

“आणि माझं?”

“तुमचं… जरा मोठं आहे पुस्तक.”

मी हेडफोन लावला आणि गाणं ऐकत असल्याचं नाटक केलं. हेडफोन जोडलेलाच नव्हता. त्याला ते ऐकू येणार नव्हतं, पण वायर लोंबताना दिसत होती. त्यानं वायरचं टोक उचलून माझ्या हातात दिलं, बस. त्या दिवशी बनशंकरीला माझ्या पीजीवर परतताना बसमध्ये मी उगीचच हसत होते आणि शेजारची बाई सारखी माझ्याकडं वळून बघत होती.

नोव्हेंबर संपता संपता आठ गाणी झाली, तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. त्याची आई शारदाबाई मधून मधून खाली येऊन कॉफी ठेवून जायच्या. मी त्यांना काकू म्हटलं तर म्हणाल्या, काकू कसलं, अक्का म्हण. एरवी हसतमुख बाई. पण कॅसेटचा विषय निघाला की त्यांचं उत्तर एका शब्दात यायचं. हरिहरला कुठलं गाणं होतं, हे हयवदननं त्यांना तीनदा विचारलं. आठवत नाही, एवढंच म्हणून त्या वर निघून गेल्या.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती. मी त्या रस्त्यानं वर्षाला आठदहा वेळा जाते. अण्णांची यादी धारवाडपासून सुरू होत होती आणि तुमकूरला संपत होती. म्हणजे ती बेळगावाकडून बेंगळुरूला येण्याची होती. जायची नव्हती. मी हे सांगितलं तेव्हा तो विचारात पडला. जाताना काय ऐकलं ते त्याला आठवेना. जाताना आई गाडीत होती का, तेही आठवेना.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी नववं गाणं मिळालं. मोहनकुमारांनी सगळी क्रमानं पेनड्राइव्हवर घातली आणि हरिहरच्या जागी, दुसरं काही सुचेना म्हणून, तीन मिनिटं रिकामी सोडली. एकवीस तारखेला निघायचं ठरलं. त्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर हयवदन मला म्हणाला, “ऑपरेशननंतर तुला एक विचारायचंय.” आताच विचार की, मी म्हटलं. तो म्हणाला, नाही, नीट ऐकू यायला लागल्यावर विचारलं तर तू दया म्हणून हो म्हणालीस असं मला वाटणार नाही. मी त्याला म्हटलं, हे उलटं आहे. तो म्हणाला, असेल.

त्यानंतर त्याला ताप आला. साधाच, तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी सकाळी उठून त्यानं मशीन लावलं आणि त्यात काहीच नव्हतं. सेल बदलले. दुसरं मशीन लावलं. डॉक्टरांकडं नेलं, इंजेक्शनं झाली. काहीच परत आलं नाही.

मला हे नंतर कळलं. मला आला तो फक्त एक संदेश. ‘एकवीसचं रद्द. मी बरा आहे. आता येऊ नका.’

येऊ नका. ‘नकोस’ नाही. मी तो एक शब्द किती वेळा वाचला असेल ते मलाच माहीत. मी लिहिलं, फोन केला, मग फोन केल्याची लाज वाटून पुन्हा लिहिलं. अकरा दिवस उत्तर नाही. दुकानावरून दोनदा गेले, शटर अर्धं खाली होतं. ऑफिसात मालिकेतली एक बाई रडत रडत नवऱ्याला काहीतरी सांगत होती, आणि मी तिचं वाक्य सहादा ऐकून सहाही वेळा चुकीचं लिहिलं.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, पीजीच्या दारात शारदाक्का उभ्या होत्या. रिक्षानं एकट्याच आल्या होत्या. माझ्या खोलीत एकच खुर्ची, ती मी त्यांना दिली आणि मी पलंगावर बसले. त्यांनी आधी तापाचं सांगितलं. मग म्हणाल्या, “हरिहरचं मला आठवतं. आठवत नाही असं मी खोटं सांगितलं.”

हयवदन पाच वर्षांचा असताना त्यांना मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली. त्यानंतर घरात कुणी तिचा उच्चारच केला नाही. सासू म्हणायची विसर. अण्णा तर काहीच म्हणायचे नाहीत, सकाळी दुकान उघडायचे, संध्याकाळी बंद करायचे. पाळणा कुणीतरी माळ्यावर टाकला, शारदाक्का घरात नसताना. “माझं बाळ झालंच नव्हतं असं सगळे वागत होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटायला लागलं की मलाच वेड लागलंय.” एक दिवस त्या माहेरी बेळगावला निघून गेल्या. लेकाला इथंच ठेवून. सहा महिने राहिल्या. परत यायचं नाही असंच मनात होतं.

मग एक दिवस अण्णा ओम्नी घेऊन दारात आले, मुलाला पुढच्या सीटवर बसवून. चल म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, गाडीत टेप बसवलाय, गाणी भरलीत, हरिहरपर्यंत ये. पुढचं तिथं बघू.

“हरिहर म्हणजे अर्धा रस्ता,” शारदाक्का म्हणाल्या. “नदीपाशी गाडी थांबवली. टेप चालू होता पण गाणं नव्हतं, नुसती खरखर. पोराला पेरू देऊन कडेला बसवलं. आणि मग हे बोलले. बाळाचं नाव घेतलं. आम्ही दोघांनी मिळून ठेवलेलं नाव होतं, ते मी त्यांच्या तोंडून नंतर ऐकलंच नव्हतं. लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, इथून तू सांगशील तिकडं गाडी वळवतो. बेळगाव म्हणालीस तर बेळगाव.”

त्यांनी पदरानं चष्मा पुसला.

“मी आले ती काही गाण्यांमुळं नाही,” त्या म्हणाल्या. “मला विचारलं म्हणून आले. माझा लेक तुला न विचारताच परत पाठवतोय. तुला जायचं असलं तर जा, बाळ. पण त्याला तसं करू देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. तो एकटाच होता, पत्रिकांचे गठ्ठे लावत. दाढी वाढलेली. कानामागं मशीन नव्हतं, त्यामुळं त्याचा चेहरा मला उघडा पडल्यासारखा वाटला. मला बघून त्यानं नजर खाली घेतली. नजर खाली घेतली की त्याच्याशी बोलण्याचा रस्ताच बंद. मी काउंटरला वळसा घालून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि त्यानं वर बघेपर्यंत हलले नाही.

मी माझ्याबद्दल काहीच बोलले नाही. सावकाश, एकेक शब्द सोडवत म्हटलं, “ती कॅसेट तुझ्यासाठी नव्हती. अक्कांसाठी होती. त्यांना ऐकू येतं.”

तो बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. जणू मी आणखी काही म्हणेन. मग त्यानं गठ्ठा खाली ठेवला आणि जिना चढून वर गेला. वर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. शारदाक्कांनी त्याला सगळं स्वतः सांगितलं, समोर बसून, एवढंच नंतर कळलं. तासाभरानं तो खाली आला. डोळे लाल होते. रविवारी निघायचं, म्हणाला. गाडी तू चालव.

मी निपाणीत बाबांचा टेम्पो चालवलाय, त्यामुळं त्यांची छोटी गाडी मला काहीच नव्हती. ऑपरेशन सोमवारवर होतं, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यातला रविवार धरला. अगदी पहाटे निघालो. बेळगावपर्यंत जाऊन एका दिवसात परत येणं होईना, तेव्हा हरिहरला जायचं आणि तिथून पुढची पाच गाणी, अण्णांनी लावली होती तशी, परतीच्या रस्त्यानं ऐकायची असं ठरवलं होतं. जाताना काहीच लावलं नाही. शिऱ्याच्या पुढं लख्ख ऊन पडलं. दुर्गजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या.

अकराच्या सुमारास हरिहरला, तुंगभद्रेपाशी पोचलो. मी ती रिकामी तीन मिनिटं लावणार होते, पण शारदाक्का नको म्हणाल्या. दार उघडून एकट्याच काठाकडं चालत गेल्या. आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. त्या पाण्याशी जाऊन उभ्या राहिल्या, मग खाली बसल्या. हयवदन काचेतून त्यांच्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. ती जागा आमची नव्हती.

परतीला तो पुढच्या सीटवर तिरका बसला, मागं तोंड करून. दावणगेऱ्याचं गाणं लागलं आणि तो आईचा चेहरा वाचू लागला. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी त्या ते ऐकत होत्या. समोरच्या आरशातून मलाही त्या दिसत होत्या. कधी डोळे मिटायच्या, कधी ओठ हलायचे. तो त्या ओठांवरून शब्द उचलून हळूच म्हणायचा, सुराचा पत्ताच नसायचा. दुर्गच्या गाण्याला त्यानं ताल धरला आणि तो दोन मात्रा मागं होता. कुणी त्याला सांगितलं नाही. हिरियूरला कुकरची शिट्टी आली तशा शारदाक्का हसत सुटल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. ती शिट्टी आमच्याच स्वयंपाकघरातली, म्हणाल्या, मला वाटायचं मी नसताना घरी चूलच पेटत नसेल.

“शिट्टी झाली?” त्यानं मला विचारलं. मी मान हलवली. तो समोर वळून काचेतून रस्ता बघू लागला. बराच वेळ वळलाच नाही.

शिऱ्याच्या अलीकडं एका हॉटेलपाशी थांबलो. शारदाक्का कॉफी प्यायला आत गेल्या. आम्ही गाडीला टेकून उभे होतो.

“आठ दिवस राहिले,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तो आता फार हळू बोलायचा, मला जवळ जावं लागायचं. “पुढं शब्द येतील म्हणतात. तुझा आवाज येणार नाही, रूपश्री. फक्त शब्द येतील.”

“शब्दांवरच माझं पोट आहे,” मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, तुझं सगळं आयुष्य कानात आहे. उद्या तू गाणं ऐकशील आणि मी समोर भिंतीसारखा बसेन. कधीतरी तुला ते टोचेल, आणि तू बोलून दाखवणार नाहीस. मग आमच्या घरात पुन्हा एक न बोललेली गोष्ट होईल.

“मी बोलून दाखवीन,” मी म्हटलं. “टोचलं की सांगेन. भांडेन. आणि एक ऐक. मी दिवसभर लोकांचं बोलणं ऐकते. पण माझं बोलणं तुझ्याइतकं नीट आजवर कुणी ऐकलं नाही. ज्यांना ऐकू येतं त्यांनी तर नाहीच.”

त्यानं नजर वळवायचा प्रयत्न केला. मी त्याच्या हनुवटीला बोट लावून चेहरा माझ्याकडं केला. हॉटेलातली माणसं बघत असणार.

“मला तू हवा आहेस,” मी म्हटलं. “आता हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण ‘येऊ नका’ असं लिहून पाठवायचं नाही.”

तो मग म्हणाला, “नीट दिसलं नाही. तोंडावर तुझीच सावली पडतेय. स्वल्प इकडं वळून पुन्हा म्हण.”

मी उन्हाकडं तोंड करून, डोळे बारीक करत, पुन्हा तेच म्हटलं. या वेळी माझा आवाज कापला. त्याला ते कळायचं कारण नव्हतं.

“पहिल्या वेळीच दिसलं होतं,” तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला. “हो.”

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. महिन्याभरानं यंत्र चालू केलं तेव्हा पहिला आवाज आला तो शारदाक्कांचा, आणि तो दचकून मागं सरला. डब्यात खडे हलवल्यासारखं, म्हणाला. मार्चपर्यंत त्याला वाक्यं कळायला लागली. मेपर्यंत तो दुकानात गिऱ्हाइकांशी पाठ फिरवूनही बोलायला लागला. गाणी मात्र आली नाहीत. एका दुपारी त्यानं स्वतःच पेनड्राइव्ह लावून बघितला. दीड गाणं ऐकलं, उठून बंद केला, आणि दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत पत्रिका मोजत बसला. पुन्हा कधी लावला नाही. आता तो पेनड्राइव्ह शारदाक्कांच्या खोलीत असतो. त्या अधूनमधून ऐकतात.

आमचं लग्न जूनमध्ये झालं. बाबा चार महिने माझ्याशी बोलले नव्हते. जात वेगळी, त्यात ऐकू न येणारा जावई. लग्नाला आले, मागच्या रांगेत बसले, आणि जाताना हयवदनशी इतक्या मोठ्यानं बोलले की सगळं कार्यालय वळून बघायला लागलं. तो म्हणाला, मामा, हळू बोललात तरी कळतं मला. बाबा ओशाळले. पण त्यानंतर दर रविवारी फोन करतात, आणि हळूच बोलतात.

माझा आवाज आता कसा येतो, हे विचारायला मला पुष्कळ दिवस धीर झाला नाही. शेवटी एकदा कपड्यांच्या घड्या घालताना विचारलं. तो खोटं बोलत नाही. पत्र्यावर कुणी बोटं वाजवावीत तसा, म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, पण मी तसा ऐकत नाही. शब्द यंत्रातून घेतो आणि आवाज आठवणीतला लावतो. माझ्याकडं तुझ्या आवाजाचे दोन महिने आहेत.

कुठला आवाज, मी विचारलं. तर एका शनिवारी त्यांच्या दुकानाच्या दारात उभी राहून मी के. आर. पुरमच्या बसबद्दल मैत्रिणीशी फोनवर भांडत होते म्हणे, तो. मला ते भांडण आठवतसुद्धा नाही. तो आवाज कसा होता हे मला कधीच कळणार नाही. पण घरात मी जे काही बोलते ते त्याच्यापर्यंत त्याच आवाजात पोचतं.

गेल्या आठवड्यात मला सर्दी झाली आणि आवाज पार बसला. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. शारदाक्कांनी सकाळ-संध्याकाळ काढा दिला. बोलताना घसा दुखायचा म्हणून मी एकेक शब्द सावकाश काढत होते. दुसऱ्या दिवशी जेवताना हयवदन माझ्याकडं बघत म्हणाला, “कालपासून तू फार छान बोलतेयस. असंच बोलत जा.”

शारदाक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी ‘सरी’ म्हटलं आणि त्याच्या पानात भात वाढला.